कोमट लस

आमच्या गल्लीत नवं बाळ आलं की त्याला न्हाऊ घालायला माझ्या आईला बोलावणं यायचं. तेल, पाणी, अगदी अंगडंसुद्धा ती आधी कोमट करून घ्यायची. कोल्हापूरच्या थंडीत ते बरोबरच होतं. घोटाळा झाला तो पिल्लाच्या बाबतीत.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. गल्लीतल्या कुत्रीची तीन पिल्लं आठ दिवसांत डिस्टेंपर नावाच्या कुत्र्यांच्या रोगानं गेली. चौथं आईनं घरात आणलं. "कुत्रं उंबऱ्याच्या आत नको" म्हणणारी हीच बाई! जनावरांचे डॉक्टर म्हणाले, पिल्लू ठणठणीत आहे तोवर लस टोचून घ्या. मी औषधाच्या दुकानातून कुपी आणली. घरात फ्रीज नव्हता, म्हणून चहाच्या थर्मासात बर्फ घालून त्यात ठेवली.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी कुपी हातात घेतली आणि विचारलं, "ही गरम कशी?"

पिल्लाला पदरात घेऊन उभी असलेली आई मोठ्या कौतुकानं म्हणाली, "एवढं गार टोचलं तर बाळ गारठंल की! मी गरम पाण्यात धरलीती."

"मावशी, गरम झाली की ही लस वाया जाती. आता टोचून उपेग न्हाय. दुसरी आणा, आन् तोवर ह्याला गल्लीत सोडू नका."

आवारातच मी आईवर तोंड सोडलं. "ते मेलं तर तुझ्यामुळं मरंल!" असं म्हणाले. ते वाक्य मला आजही सलतं. 

दुसरी कुपी यायला आठवडा लागला. तेवढे दिवस आईनं पिल्लाचा पाय गल्लीच्या मातीला लागू दिला नाही. रोज सकाळी त्याचं नाक, डोळे बघायची आणि मगच चहा घ्यायची. मला फार लाज वाटायची, पण तसं म्हणायला जीभ वळत नव्हती.

लस आली. रिक्षात बसताना मी थर्मास तिच्या हातात द्यायला गेले, तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तूच धर बाई. माझं हात गरम असत्यात."

सुई बसली तसं पिल्लू केकाटलं. महिन्यानं दुसरी सुई झाली आणि पुढं ते चांगलं म्हातारं होईपर्यंत जगलं. पण त्या पहिल्या सुईनंतर परतीच्या रिक्षात बसलो तेव्हा ते थरथरत होतं, माझ्याजवळ काही केल्या थांबेना. मी आईचे हात पदराखालून ओढून काढले आणि पिल्लू त्यांत ठेवलं.

"चुकले गं आई," म्हणाले.

रिक्षा सुरू व्हायच्या आत ते झोपलं होतं.