बरणीवरचा आकडा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत छापलेल्या अक्षरावर आमच्या साडूंइतका विश्वास ठेवणारा दुसरा माणूस झाला नाही. घोडेगावच्या पंचायत समितीत कारकुनी करून ते ओतूरला घरी परतले ते निवृत्तीची शाल आणि साखरेचा आजार घेऊन. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, खाण्यातली कर्बोदकं मोजा आणि त्या हिशेबानं इन्सुलिन घ्या. दुसरा घाबरला असता, साडू खुलले. जन्मभर लोकांचे अर्ज तपासले होते, आता तपासायला स्वतःचं ताट मिळालं.

ते बाजारात दिसले की दुकानदार बिस्किटांचे पुडे आपणहून पालथे करून ठेवायचा. साडू खिशातून भिंग काढत, मागची बारीक अक्षरं वाचत, आकडे वहीत उतरवत आणि "झ्याक छापलंय" म्हणून रिकाम्या हातानं निघत. एकदा दुकानदार म्हणाला, "भाऊ, पुडा कधी घ्यायचा बी असतो." साडू म्हणाले, "घेतला तर खावा लागंल." भाकरीवर काही छापलेलं नसतं, याचं त्यांना मनापासून दुःख होतं, म्हणून पिशवीत छोटा वजनकाटा असे आणि लग्नाच्या पंगतीतही तो निघे. ओझरला तर प्रसादाचा पेढासुद्धा त्यांनी मंडपात उभं राहून तोलला. मी म्हणालो, "राव, देवाचा प्रसाद तोलता?"

"पेढा देवाचा, पावणं. सुई माझी हाय."

आक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची, एकच अट होती. एकदा जरी हिशेब चुकला, तर वही आक्कांच्या हाती आणि ताटही.

आमच्या घरांत रिकामी बरणी कुणी टाकत नाही. माझ्या बायकोच्या आजारपणात बदाम-वेलचीच्या चवीची, बिनसाखरेची शक्तीची पावडर आणली होती. ती संपल्यावर बायकोनं त्याच बरणीत घरचा दूधमसाला भरला. त्यात निम्मी पिठीसाखर. साडू पाच दिवस जुन्नरला आमच्याकडे राहायला आले. सकाळी बायको मळ्यात जाई, म्हणून दूध मी करायचो. साडूंनी बरणी फिरवून वाचली आणि विचारलं, "ह्येच हाय का आत?"

मी म्हणालो, "छापलंय तेच." जीभ खरी की छापील अक्षर, ही गंमत मला बघायची होती.

"लई गोड लागतंय की."

"बिनसाखरेची गोडी असते ती."

बरणीवर नावापुरती कर्बोदकं लिहिली होती, तेवढंच इन्सुलिन त्यांनी घेतलं, पाचही दिवस. रक्त तपासायच्या यंत्रावर साखर रोज वर दिसू लागली. साडू भिंग पुसून वही पुन्हा पुन्हा तपासायचे. माझी गंमत दुसऱ्याच दिवशी संपली होती. पण आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. शेवटी आक्का न्यायला आल्या. यंत्र बघून म्हणाल्या, "डोळं गेलं तुमचं. द्या ती वही." साडूंनी दिली. मी दारातच होतो.

पंधरा दिवसांनी ओतूरला जाऊन ओट्यावर साडूंना सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. ते म्हणाले, "साखर निम्मी ना? आन् चमचे दोन?" तळहातावर बोटानं आकडेमोड केली आणि चेहरा उजळला. "मग एवढी चढायलाच पायजे व्हती! माझा हिशेब बराबर हाय, राव!"

मी आक्कांना सांगायला उठलो, तर साडूंनी माझं मनगट धरलं. "नगं. ती तुमच्या घरचं पाणी बी पिणार न्हाई. दोघी भैनी हायेत त्या."

आणि न केलेली चूक त्यांनी शेवटपर्यंत मिरवली. आता साडू नाहीत, माझी बायकोही नाही. हा कागद मी आधी आक्कांना वाचून दाखवणार आहे. त्यांना काय म्हणायचं ते त्या म्हणोत. साडूंचा हिशेब एकदाही चुकला नव्हता.

वही आक्कांकडे गेल्यापासून मी ओतूरला जेवायला असलो, की आक्का वाट्या मोजून त्यांना वाढायच्या. साडू ताटाकडे एकदा बघून माझ्या कानात हळूच आकडा सांगायचे. मग आक्का चष्मा लावून, वही चाळून, मोठ्यानं तोच आकडा वाचायच्या.

"असं व्हय?" साडू म्हणायचे. "बरं झालं तू सांगितलंस."