गुडघ्यांखालचे गठ्ठे

भद्रासन म्हटलं की माझं लक्ष अजून आधी गुडघ्यांकडं जातं. तळपाय एकमेकांना जोडायचे, गुडघे दोन्ही बाजूंना सोडायचे, एवढंच ते आसन. आमच्या घरात मात्र त्याची परीक्षा झाली होती.

थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. मूल अडलं. पुढं शेजारच्या काकूंनी आईच्या डोक्यात भरवलं की मुलींच्या शाळेत शिकवतात त्या आसनानं कमरेची हाडं उघडतात, सुटका सोपी होते; फक्त गुडघे जमिनीला टेकलेच पाहिजेत. त्यात माझं लग्न ठरलं. झालं! बऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या आमच्या घरात रोज सकाळी मी बसायचे आणि आई समोर बसून माझे गुडघे दाबायची.

मी काही मुखदुर्बळ नव्हे. भाषावार राज्यं ठरताना बऱ्हाणपूर मराठी राज्यातच गेलं पाहिजे, अशी पत्रकं घेऊन मी तापीपलीकडे जैनाबादला जायचे, दुकानदारांशी भर रस्त्यात तंडायचे. हुंडा मागणाऱ्याला चारचौघांत जाब विचारा, हे पत्रकही माझंच. पण आईचे हात पुढं आले की मी मुकाट गुडघे सोडायचे. खुब्यात आत काहीतरी चिमटायचं. आणि गुडघा टेकला नाही की वाटायचं, आईचं खरं निघालं तर? माझंही मूल अडलं तर?

शहर मध्य प्रदेशातच राहणार, हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं सगळा भार टाकून दाबलं. जांघेत कळ गेली. मला उठता येईना. पाय कायमचा गेला, असंच वाटलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाय हळूच फिरवून पाहिला. स्नायू दुखावलाय, म्हणाल्या. खुबा ज्याचा त्याचा वेगळा. गुडघे टेकण्याचा आणि बाळंतपणाचा संबंध नाही. दुखणं गेल्यावर बसायचंच असेल तर बुडाखाली घडी, गुडघ्यांखाली आधार, टाचा जरा लांब, आणि कुणी दाबायचं नाही. चिमटलं की थांबायचं.

आईला ते पटलं नाही. घरी यायला आम्ही टांग्यात बसलो. मी मनात तिच्याविरुद्ध अख्खं पत्रक रचलं. दारात उतरल्यावर ती म्हणाली, "शाळेतलं आसन करायची तवा तिचे बी गुडघे टेकत नव्हते व माय."

बहीण गेल्यापासून ती तिच्याबद्दल पहिल्यांदा बोलत होती. माझं पत्रक तिथंच राहिलं.

"आई, मला भ्या वाटतं," मी म्हणाले. "बाळंतपणाचं वाटतं, आणि तुझ्या हातांचं बी."

पाय बरा झाला त्या सकाळी तिनं सतरंजीची घडी घातली. मग न वाटलेल्या पत्रकांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे कोपऱ्यातून ओढले, जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि माझ्या गुडघ्यांखाली सरकवले.

"आता कोण वाचतं यांना," ती म्हणाली.

मी चिडले. पण गुडघे गठ्ठ्यांवर टेकले आणि खुबा पहिल्यांदाच सैल झाला. उठताना आईनं दोन्ही हात गुडघ्यांखाली घालून ते अलगद वर आणले.

लग्न महिन्यावर आलंय. आई रोज शेजारी बसते, स्वतःचे हात मांडीखाली दाबून. नजर मात्र गुडघा आणि जमीन यांच्यातल्या फटीवर जातेच. माझीही जाते.