तीन उलटे कोयते

रुग्णालयाच्या आवारात त्यांना सगळे सपकाका म्हणत. त्यांच्या कोयत्याखाली फांदी एका घावात पडायची आणि ‘सप्’ असा आवाज यायचा, म्हणून.

मी तिथे केसपेपरच्या खिडकीत बसते. साहित्यात एम.ए. करून दोन वर्षांपूर्वी लागले. पहिल्याच दिवशी काका खिडकीशी आले आणि म्हणाले, "एवढी पुस्तकं वाचून पेशंटची वयं लिहायला बसलीस?" मी हो म्हटलं. "बरं झालं. निदान अक्षर तरी लागेल." तेव्हापासून दुपारचा चहा आम्ही एकत्र घेतो, मागच्या पंपाच्या खोलीशेजारी.

काकांचं काम म्हणजे कुंपण, वॉर्डांच्या खिडक्यांवर येणाऱ्या फांद्या आणि रुग्णवाहिकेच्या वाटेवरची झाडं. ते एकटेच काम करत. कुणी जवळून गेलं की थांबत, कोयता दुसऱ्या हातात घेत, माणूस पुढे गेला की पुन्हा सुरू करत. मला ते सभ्यपणाचं वाटे.

त्यांचा एकच हट्ट होता. फांदी कापताना खोडाला खुंट ठेवायचा नाही. "खुंट राहिला की पाणी मुरतं. पाणी मुरलं की झाड आतून जातं. वरून दिसतसुद्धा नाही." त्यांनी कापलेल्या जागेवरून मी एकदा तळवा फिरवला होता. गुळगुळीत होतं.

त्यांचा कोयता दीड हात लांब होता, टोकाला जरासा बाक. पातं एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला उतरतं. सपाट बाजू खोडाला घासून खाली आली पाहिजे, हे त्यांनी मला चहाच्या चमच्याने समजावलं होतं. गावाबाहेरचा एक म्हातारा लोहार एकोणीस वर्षं त्यांना कोयते घडवून देत आला. मग लोहाराची नजर गेली, भट्टी बंद पडली आणि तो मुलीकडे राहायला गेला. शेवटचा कोयता काकांनी घासून घासून चंद्रकोरीएवढा केला. एक दिवस तो मुठीजवळ तुटला.

काकांनी बाजारातून नवा आणला. आठवड्याने दुसरा आणला. तिसरा आणायला मला बरोबर नेलं. "तू शिकलेली आहेस. दुकानदार जरा नीट बोलेल."

दुकानदार मुळीच नीट बोलला नाही.

"हाही उलटाच," काका म्हणाले.

"उलटा म्हणजे?"

"उतार चुकीच्या बाजूला आहे. कंपनीवाल्यांना अक्कल नाही. हल्ली सगळे उलटेच काढतात."

"काका, मी वीस वर्षं कोयते विकतोय. असेच असतात."

"असे नसतात. माझा जुना बघायला हवा होतास."

"नाचता येईना अंगण वाकडं," दुकानदार मागे बसलेल्या भावाला म्हणाला, पण आम्हाला ऐकू जाईल असं.

काकांनी उजव्या हातात कोयता घेऊन दोनदा तोलला, बोटाने वाजवला, पुन्हा तोलला. "वजन चांगलं आहे," ते मला म्हणाले. "होईल सवय."

सवय झाली नाही. पातं खोडापासून बाहेर पळायचं. फांदी तीन-तीन घावांत पडायची आणि साल सोलून निघायची. सगळीकडे खुंट दिसायला लागले. एकदा कोयता निसटून काकांच्या नडगीवर आला. सहा टाके पडले. जखम बांधताना नर्सताई म्हणाल्या, "काका, केसपेपर काढायला निदान लांब जावं लागलं नाही." काका हसले नाहीत.

त्याहून वाईट नंतर झालं. आवारातल्या दुसऱ्या माळ्याने तोच कोयता उचलला आणि समोरची फांदी एका घावात उतरवली. "चांगला आहे की हो, काका," तो म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं.

त्या दुपारी काकांनी चहा अर्धाच घेतला. "कोयत्यात खोट नाही," ते म्हणाले. "हात गेला माझा."

मुकादमांनी करवतीचं मशीन चालवणारा माणूस आधीच पाहून ठेवला होता. काकांना त्यांनी हाकललं नाही, एवढंच म्हणाले, "शनिवारपर्यंत सांगा. राहताय की सोडताय?" काकांनी मला अर्ज लिहायला सांगितला. नोकरी सोडण्याचा. "चांगल्या भाषेत लिही. शिकली आहेस ना?"

मी लिहिला नाही. रविवारी त्यांच्या घरी गेले. काकू दारातच म्हणाल्या, "आत्तापासूनच घरात लक्ष घालायला लागलेत. काल मला भाजी कशी चिरायची ते शिकवत होते."

"तू आडवी चिरतेस," काका आतून म्हणाले.

"बघ. हे रोज बसले घरी तर मी तुझ्या रुग्णालयात येऊन पडेन."

मी म्हटलं, "लोहारबाबांना भेटू या ना. तुमचा कोयता ते कसा घडवायचे, ते तरी विचारू."

"विचारून काय होणार? हात काय लोहार घडवून देणार आहे?"

"उठा," काकू म्हणाल्या. त्यांनी तिन्ही कोयते पोत्यात गुंडाळून आणले आणि काकांच्या मांडीवर ठेवले. काका उठले.

लोहारबाबा मुलीच्या घरी दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. डोळ्यांत पांढुरकं आलं होतं. आवाजावरून त्यांनी काकांना ओळखलं. "ये रे. तुटला ना शेवटचा? मी विचारच करत होतो, याला यायला एवढा उशीर कसा झाला."

काकांनी तिन्ही कोयते त्यांच्या पुढ्यात ठेवले. "बाबा, हल्ली सगळे उलटे बनवतात."

बाबांनी एकेक कोयता उचलला. अंगठा पात्याच्या उतारावरून सावकाश नेला. मग ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"अरे, हे सगळे सरळ आहेत. उजव्या हाताचे. जगभर असेच असतात. उलटे मी करायचो, तुझ्यासाठी."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी डावा हात मांडीखाली घेतला होता. दोन वर्षं मी या माणसाला रोज बघत होते. कुणी जवळून गेलं की ते कोयत्याचा हात का बदलतात, हे मला आत्ता कळत होतं.

"तू डावरा आहेस, हे तुला माहीत नाही का रे?" बाबांनी विचारलं.

"माहीत आहे." काकांचा आवाज अगदी बारीक झाला. "तुम्हाला माहीत आहे, हे माहीत नव्हतं."

मग काका बोलले. मला नाही, बाबांनाच सांगत होते. लहानपणी डाव्या हाताने काही घेतलं की आई त्याच हातावर उलथनं मारायची. शाळेत मास्तर मारायचे. मग जेवायला, लिहायला, द्यायला-घ्यायला उजवा हात आला. घाव घालायला मात्र तो कधी आला नाही. "झाडावर कोण बघतंय, असं वाटायचं. आणि कोयते असेच असतात असं वाटायचं. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा कधी धरलाच नाही."

"पहिल्या दिवशी तू कोयता उजव्या हाताने घेतलास," बाबा म्हणाले. "उजवा तळवा मऊ. कुऱ्हाडीचे घट्टे सगळे डाव्याला. लोहाराला काय, गिऱ्हाइकाचा हात दिसतो."

"मग एकदा तरी बोलायचं."

"तू लपवत होतास. मी कशाला उघडं करू?"

आत कुणीतरी कुकर लावला. बाबांनी कोयते एकेक करून नखाने वाजवले आणि तिसरा बाजूला काढला. "हा ठेव. लोखंड खरंच चांगलं आहे. दुकानदाराला माहीत नसेल. बाकीचे दोन दुसऱ्या कुणाला देऊन टाक."

"पण बाजू? भट्टी कुठे आहे आता?"

"भट्टी कशाला? कानस आहे माझ्याकडे. तीन तास घासावं लागेल. घास."

काका गॅलरीत मांडी घालून बसले आणि घासायला लागले. बाबा कान देऊन होते. "उतार जास्त होतोय... आता बरोबर... मुठीकडे राहिलं बघ." मध्ये एकदा बाबांच्या मुलीने बाहेर डोकावून बघितलं. "बाबा, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लोखंड उडतंय." बाबा म्हणाले, "कपडे आत घे, पोरी. माणूस अर्ध्यावर आहे." पाच वाजता त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

गॅलरीखालच्या झाडाची, हात पोचेल इतक्या खालून फुटलेली एक लांब फांदी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर आपटत असे. काका खाली गेले. चारी मजल्यांवरून लोक गॅलरीत आले. काकांनी वर पाहिलं. कोयता डाव्या हातातून उजव्यात घेतला. क्षणभर तसेच उभे राहिले. मग पुन्हा डाव्यात घेतला.

"काय झालं?" बाबांनी मला विचारलं.

"पडली."

"किती घाव?"

"एक."

"कुठल्या हाताने?"

"डाव्या."

बाबांनी खुर्चीत मागे मान टेकली. खाली काका कापलेल्या जागेवरून तळवा फिरवत उभे होते. वर बघतच नव्हते.

शनिवारी मुकादम माझ्या खिडकीशी उभे असतानाच काका आले. "मी येतोय सोमवारी," ते म्हणाले.

"काका, मशीनवाल्याला मी हो म्हणून बसलोय."

"येऊ दे त्याला."

मुकादमांनी थोडा विचार केला. "असं करू. वाटेवरची मोठी झाडं त्याला. खिडक्या आणि कुंपण तुमच्याकडे."

"खिडक्या माझ्याच," काका म्हणाले. "कुंपण त्याला देऊन बघा. रडत येईल माझ्याकडे." आणि हजेरीच्या वहीतल्या सहीसाठी मुकादमांचं पेन त्यांनी डाव्या हाताने घेतलं. सही मात्र उजव्याने केली. तेवढी सवय आता सुटणार नव्हती.