शिक्क्यावरची हळद

लातुरात माझं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान आहे. लोक चुरगळलेले कागद आणतात. मी ते सरळ करतो, काळ्या कडा कापतो, घड्यांच्या सावल्या पुसतो आणि वेबसाइट मागेल तेवढ्या वजनात बसवून देतो. वजनच म्हणतो मी, कारण वडिलांचं किराणा दुकान होतं आणि तराजू डोक्यातून जात नाही. त्यांच्या गिऱ्हाइकाला माल थोडा जास्त हवा असायचा, माझ्या गिऱ्हाइकाला कमी हवा असतो.

या कामातली खोच बाहेरच्याला कळत नाही. कागद साफ करून पुन्हा सेव्ह केला की फाइल हलकी व्हायची सोडून फुगते. दाबून लहान करावी तर अक्षरं विरघळतात. मी माझ्यापुरती एक युक्ती काढली होती. जागा खातात ती अक्षरं नव्हे, कागदाचा पिवळेपणा आणि डाग खातात. अक्षरांना हात न लावता मागचा कागद पांढराशुभ्र केला की फाइल आपोआप उतरते. या युक्तीची मला फार घमेंड होती. आता कुणी तिचं कौतुक केलं की तोंड कडू होतं.

आमच्या घरी खंडेनवमीला वडील तराजू आणि मापं धुऊन पाटावर मांडायचे. आई त्याच पाटावर आम्हा भावंडांचे शाळेचे दाखले ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं. कागदावर गोल शिक्का दिसला की तोच तिचा देव. बरोबर त्याच्यावर ओल्या हळदीचं बोट टेकवायची. असं वर्षानुवर्षं चाललं. वडील गेले, तराजू विकला, तरी दाखल्यांची पूजा चुकली नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून माझ्याकडेच आहे. मधल्या खोलीत झोपते. माझी बायको वाईट नाही, पण भांडी जरा मोठ्यानं ठेवते आणि अक्काला ते ऐकू येतं. देगलूरकडे एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा निघाली. पगार बेताचा, पण राहायला खोली. अक्का पगाराचं बोललीच नाही. एवढंच विचारलं, "आतून कडी असंल का रे खोलीला?" वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष होतं.

अर्जासाठी अक्काचा शाळेचा दाखला स्कॅन केला. हळदीमुळे फाइल जड झाली, वेबसाइटनं घेतली नाही. काळी-पांढरी केली तर हळदीचा काळा ठिपका होऊन शिक्का गडप. दाबून पाठवली, तर 'अस्पष्ट' म्हणून परत आली. दुसरा दाखला काढावा तर शाळा कधीच बंद पडलेली आणि मुदत संपत आलेली. मग मी नेहमीचं काम केलं. पिवळा तेवढा रंग उचलून काढला. खालचा जांभळा शिक्का जसा होता तसा वर आला. एक रेघ मी माझ्या पदरची ओढली नाही. फाइल मापात बसली, अर्ज गेला, पडताळणीचं बोलावणंही आलं.

पडताळणी नांदेडला होती. मी अक्काबरोबर गेलो. टेबलामागचा माणूस एकदा स्क्रीनकडे आणि एकदा कागदाकडे बघत राहिला.

"इथं डाग आहे. फाइलमध्ये नाही."

"आईनं हळद लावलेली हाय, साहेब," अक्का म्हणाली.

"दाखल्याला?" तो शेजारच्याकडे बघून हसला. "मग फाइलमधली कुठं गेली?"

मी सांगू लागलो. रंग कसा निघतो, वजन कसं उतरतं, शिक्का तोच आहे, भिंग लावून बघा. तो म्हणाला, "म्हणजे कागदात फेरफार केला, हे तुम्हीच कबूल करताय." खरा कागद त्यांच्या मशीननं घेतला नाही, म्हणून मी त्याला मशीनजोगा केला. तर आता तो खोटा. तुमच्याच अटीपायी केलं म्हणालो, आवाज चढला, आणि शिपायानं दार दाखवलं. अक्काच्या नावापुढे लाल शाईत फुली मारलेली मी जाता जाता बघितली.

येताना एसटी लोह्याला थांबली. मी चहा आणला. तिनं कप हातात धरला, प्याली नाही. "तुझं काय चुकलं न्हाई," म्हणाली. "आईला मात्र सांगू नको." मला त्या माणसाचा राग येत होता, आईचा येत होता आणि हे इतक्या शांतपणे बोलणाऱ्या अक्काचाही येत होता.

आईला आम्ही जागाच भरली गेली म्हणून सांगितलं. पण माझी बायको एकदा हळदीचं बोलून गेली.

परवा खंडेनवमी झाली. आईनं पाट मांडला, दाखले ठेवले. हळदीत बोट बुडवलं आणि शिक्क्यावर नेता नेता थांबली. अक्काकडे बघून म्हणाली, "लावू का गं?"

अक्का वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "लाव की. आता कुणाला दाखवायचाय."