सोयाबीनच्या काढणीतली दुसरी फेरी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विचारलंच, तर 'एका बाईनं खोटे फॉर्म भरले' म्हणून मोकळा व्हायचो. खोटा होता तो माझा खर्चाचा अंदाज.

आरोग्य पाहणीत किती घरं निवडायची ते खर्चावर ठरायचं, आणि एका घरामागचा खर्च मी काढायचो. त्या वर्षी तो आकडा लातूरजवळच्या गावांत, भर मे महिन्यात काढला. शेतं रिकामी, माणसं घरात. एका फेरीत सगळी भेटली. पाहणी मात्र लोह्याकडे होती, सोयाबीनच्या काढणीत. मी त्याच भागातला. काढणीत उजाडताच घरोघर कुलपं लागतात, हे मला ठाऊक होतं. पण कुलूपबंद घरांकडे परत जायच्या दुसऱ्या फेरीचा खर्च धरला तर घरं कमी करावी लागणार होती, आणि मोठ्या साहेबांना घरं भरपूर हवी होती. मी दुसरी फेरी कापली.

कुलूप दिसलं तर परत जायचं, शेजारचं घर घ्यायचं नाही, असा नियम. लोह्याकडे फॉर्म भरायला नेमलेल्या त्या बाईनं शेजारचं घेतलं. काढणीत घरी कोण असतं? म्हातारे आणि आजारी. फॉर्म आले तेव्हा अख्खी गावं अंथरुणाला खिळलेली.

"लोह्यात साथ आलीय का हो बाई?" बैठकीत साहेबांनी विचारलं.

"कुलपाला काय विचारू साहेब? परत जायला गाडीभाडं कुठं दिलं तुम्ही?"

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "लातूरला एका फेरीत झालं. यांना फिरायचा कंटाळा."

"तुम्ही तर आमच्याकडलेच की सर. काढणीत तुमची माय घरी बसती व्हय?"

लोक हसले. माझं डोकं फिरलं. "लबाड बाई आहे ही, काढून टाका."

काढलं. पुन्हा कुठल्याच पाहणीत तिला कोणी घेतलं नाही.

निवृत्तीनंतर लोह्यात तिची पिठाची गिरणी शोधून काढली. तिनं लगेच ओळखलं.

"दळण हाय का?"

"नाही."

"मग सरका बाजूला. मागं लोक थांबलेत."

मी सरकलो. 'बाई, लबाड मी होतो, तुम्ही नव्हता,' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या घरघरीत ते ओरडून म्हणावं लागलं असतं, लोकांदेखत. तिला लबाड म्हटलं तेव्हाही लोक होतेच. बसची वेळ झाली, असं मनाशी म्हणत मी निघालो.