उंबराला टेकवलेली कुऱ्हाड

आमच्या शहापूर तालुक्यातलं ते स्टेशन घाटाच्या अलीकडे आहे. काळ्या दगडाची बैठी इमारत, कमानीची दारं, उतरतं कौलारू छप्पर. दोन हजार सालानंतर कधीतरी ठरलं, की ही जुनी इमारत मूळ होती तशी पुन्हा उभी करायची. काम घेतलेल्या ठेकेदाराकडे मी सुपरवायझर होतो. दगड आणि चुना कळणारी माणसं बाहेरून आली होती. झाडं कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

कौलांत उगवलेले पिंपळ आम्ही मुळासकट उपटले. रुळांवरच्या विजेच्या तारांकडे झुकलेल्या आंब्याच्या फांद्या, वीज बंद मिळेल तेवढ्या वेळात उतरवल्या. फलाटावरच्या शिरीषांच्या बुंध्याशी कुणीतरी सिमेंट ओतून ठेवलं होतं, ते फोडून माती मोकळी केली. राहिला तिकीटघराच्या मागचा उंबर. त्याची मुळं भिंतीच्या दगडांमध्ये शिरली होती आणि एक कोपरा पोट काढून बाहेर आला होता. इंजिनिअर म्हणाले, भिंत ठेवायची तर झाड ठेवता येणार नाही.

माझे वडील याच स्टेशनावर सांधेवाले होते, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारे. नोकरीभर दुपारची भाकरी त्यांनी त्या उंबराखाली खाल्ली. जमीन थोडी, पेन्शन थोडी. पण गावात त्यांचा शब्द चालायचा. बांधावरून भांडण झालं की दोन्हीकडचे त्यांना बोलावून न्यायचे. ते सांगतील तिथे दगड रोवायचा आणि विषय संपायचा. त्यांनी आयुष्यात कमावलं म्हणावं असं एवढंच होतं.

झाडं तोडायला टोळी आली ती मुरबाडकडची, टोकावड्याजवळची. आंब्यावर झरझर चढणारी ती माणसं उंबरापाशी मात्र थांबली. मुकादम म्हणाला, दत्ताचं झाड आहे, आधी विचारावं लागेल. संध्याकाळी झाडाला हळदकुंकू लावायचं, नारळ ठेवायचा आणि कुऱ्हाड बुंध्याला टेकवून घरी जायचं. सकाळी ती उभी असली तर झाडाची परवानगी आहे. पडलेली असली तर नाही. असं तीनदा विचारता येतं. विचारणारा मात्र त्याच गावचा, खोटं न बोलणारा माणूस हवा. न विचारता जो पहिला घाव घालील, त्याचा दोष त्याच्या घराला.

मी वडिलांचं नाव सुचवलं. मुकादमाला वाटलं मी मोठ्या विश्वासाने सांगतोय. खरं म्हणजे मला वाटलं होतं, की घरचाच माणूस असला तर काम अडणार नाही. वडील आले आणि हात जोडून त्यांनी कुऱ्हाड टेकवली.

सकाळी ती आडवी पडलेली होती.

माझा पहिला संशय मुकादमावर गेला. टोळी रोजावर होती, काम लांबलं तर त्याचा फायदाच होता. मग चहावाल्यावर. त्याची टपरी उंबराच्या सावलीतच होती. दुसऱ्या सकाळी कुऱ्हाड पुन्हा मातीत दिसली, तेव्हा तोच मला चहा देताना म्हणाला, “साहेब, आता हिचा बी रोज लावा. बाकीच्यांसारखीच पडून असते.” टोळीतले हसले. हसतानाही मी एकेकाचा चेहरा न्याहाळत होतो. ठेकेदार फोनवर माझ्याशी नीट बोलेनासा झाला होता.

ही बातमी सांगायला मी घरी गेलो. वडील ओटीवर बसले होते. पुन्हा पडली म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. आश्चर्य नाही, कशी पडली असा प्रश्न नाही. ते रोज पहाटे उठून फिरायला जात आणि कुठे जातात हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं. दाराशी त्यांच्या वहाणा होत्या. तळांना लाल भुकटी लागलेली होती. ती सुरखी होती, चुन्यात मिसळायची विटेची पूड, आणि तिचा ढीग होता फक्त तिकीटघराच्या मागे, उंबराच्या पलीकडे. आदल्या संध्याकाळी कुऱ्हाड टेकवायला ते तिथेच गेले होते, तेव्हाही ती लागली असेल. हे मला त्या क्षणीही कळत होतं. मी ते बाजूला सारलं.

त्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारायचं होतं. टोळी, चहावाला, दोन गवंडी असे सगळे जमले होते. वडिलांनी कुऱ्हाड उचलली आणि मी सगळ्यांसमोर बोललो.

“बाबा, आज तरी तिला उभी राहू द्या.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. “मी पाडतो म्हन्तोस?”

“तुमच्या वहाणांना सुरखी हाय.”

“तू बगितलंस मला?”

“नाय.”

मुकादम मध्ये पडून म्हणाला, “जाऊ द्या बाबा, पोरगं कामाच्या टेन्शनमधी हाय. तुमी ठेवा कुऱ्हाड.”

“आता इचारायचं नाय,” वडील म्हणाले. “इचारून काय उपेग. परत पडली तर मीच पाडली, आन उभी राहिली तर पोरानं सांगितलं म्हनून राहिली.”

आणि त्यांनी घाव घातला. मुकादम त्यांचा हात धरायला धावला, तोवर दुसराही बसला होता. पांढरा चीक खोडावरून ओघळला, त्यांच्या हातांवर उडाला. मुकादमाने त्यांच्याकडून कुऱ्हाड घेतली, कपाळाला लावली आणि माणसांना खूण केली. दोष घेणारा मिळाला होता, आता कुणाची हरकत नव्हती. वडील नळावर हात चोळत राहिले. उंबराचा चीक लवकर सुटत नाही. तसेच चिकट हात घेऊन ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी उंबर पडला. आम्ही कोपऱ्याचे दगड नंबर टाकून उतरवले, मुळं काढली आणि तेच दगड चुन्यात पुन्हा बसवले. काम चांगलं झालं. लोक येऊन त्या भिंतीपुढे फोटो काढतात.

घरात आमचं बोलणं चालू होतं, पण कामापुरतं. मी माफी मागितली नाही. मागायची तर माझी चूक झाली असं म्हणावं लागलं असतं, आणि तशी माझी खात्री नव्हती. त्यांचा घाव बघूनही नव्हती. कधी वाटायचं, खोटा आळ सहन न होऊन त्यांनी हे केलं. कधी वाटायचं, पकडले गेले म्हणून केलं. स्वतःच्या बापाविषयी असं तोलत बसायची मला लाज वाटायची, आणि तरी मी तोलत बसायचो.

पेरणीच्या आधी एकमेकांशी भांडलेले गावातले दोघे चुलतभाऊ आमच्या ओटीवर आले. बांध कुणी सरकवला, हे सांगायला वडिलांनी शेतावर यावं, एवढंच म्हणणं होतं. एरवी ते तेव्हाच उठले असते.

“तुमचं तुमी बगा,” वडील म्हणाले. “माझ्या पोराला माझा सबुद पटत नाय. तुमाला कसा पटंल?”

आवाजात राग नव्हता. ते दोघे माझ्याकडे वळले. पटतो, एवढंच मला म्हणायचं होतं. खोटं का होईना, म्हणायला हवं होतं. वडीलही माझ्याकडे बघत होते, मी काय म्हणतो ते ऐकायला.

मी आत गेलो आणि पाहुण्यांसाठी पाणी घेऊन आलो. ते पिऊन दोघे उठले आणि सरकारी मोजणीचा अर्ज द्यायला शहापूरला निघून गेले.