रजनी मापाचा ब्लाउज घेत नसे

रजनी गेल्याचं मला गिऱ्हाईक म्हणून कळलं. शनिवारची अर्धी शाळा सुटत होती, सहावीच्या वह्यांचा गठ्ठा काखेत मारून मी जिना उतरत होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. "नीला मॅडम का? मी प्राची, घाटकोपरहून. रजनी टेलरची मुलगी. आई मंगळवारी गेली... तुमचा एक ब्लाउज आमच्याकडे राहिलाय." आईची वही पुढ्यात ठेवून, ज्यांचं ज्यांचं कापड घरात पडून होतं त्या सगळ्या बायकांना ती पोर एकेक करून फोन लावत होती. मशीनवर बसल्या बसल्या मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं... हे तिनं इतक्यांदा सांगितलं असावं की तिचा आवाज पार सपाट झाला होता. मी "अरेरे" म्हटलं. खरंच, शेजारच्या इमारतीतलं कुणी गेल्यावर म्हणतात तसं नुसतं "अरेरे". फोन ठेवण्याआधी ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमच्याशी जरा वेगळं बोलायचंय. घरी नको. आईचा कार्यक्रम झाला की मी फोन करते."

त्या एका वाक्यानं माझी झोप उडवली. तिला काय सापडलं असेल? फोनमधले आमचे जुने मेसेज? मी दिलेलं काही? लाज वाटते सांगायला, पण पहिले दोन दिवस मला रजनीचं दुःख कमी आणि स्वतःची भीती जास्त होती. मुलुंडची शाळा, तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला उरलेली चार वर्षं, स्टाफरूममधल्या जिभा. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा पांढरी साडी नेसून मी शेवटच्या रांगेत बसले. पुढे रजनीचा फोटो, फोटोशेजारी तिचा नवरा दिलीप, त्याच्या बाजूला प्राची. बायका एकमेकींना सांगत होत्या, "कटोरी ब्लाउज शिवावा तर रजनीनंच." वंदना झाली, दोघं-तिघं चांगलं बोलले. प्राचीनं एकदाच मागे वळून पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. मी खीर न घेताच निघाले.

आमच्यात काय होतं ते आधीच सांगते, नाहीतर वाचणारे अर्ध्या लेखापर्यंत तर्कच करत बसतील. नावं बदलली आहेत, माझंसुद्धा. मला बायका आवडतात, फक्त बायका, आणि हे मला विसाव्या वर्षापासून ठाऊक आहे. त्यापायी भावाच्या घरचं येणं-जाणं तुटलं. त्याही आधी एक मैत्रीण तुटली. तीन वर्षं माझ्यासोबत राहून तिनं एके दिवशी लग्नाची पत्रिका हातात ठेवली आणि वर म्हणाली, "ते आपलं एक वय होतं गं." तेव्हापासून दोन्हीकडे मन असणाऱ्या बायकांवर माझा विश्वास नव्हता. सरळ सांगायचं तर राग होता.

अंधेरीला एका मैत्रिणीच्या क्लासच्या खोलीत आमच्यासारख्या बायका महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी जमतात. संस्था नाही, बोर्ड नाही. चटया, चहा आणि एक तक्ता. तक्त्यात तीन रकाने: नाव, कुठून आलात, आणि स्वतःला काय म्हणवता. नियम एकच, प्रत्येकीनं आपलं आपण भरायचं. तक्ता सांभाळणारी अर्थातच मी, मास्तरीण ना. पाच वर्षांपूर्वी रजनी तिथं पहिल्यांदा आली. तिच्याकडे लग्नाचे ब्लाउज टाकायला आलेल्या एका मुलीनं माप देता देता रडून सगळं सांगितलं होतं, आणि मग रजनीनंच तिला विचारलं होतं, "अशा बायका कुठं बसतात, मला नेशील?" सेहेचाळीस वर्षांची, पदर खोचलेली, गळ्यात विसरून राहिलेली टेप.

त्या दिवशी शब्दांवरूनच वाद चालला होता. पोरींना त्यात भारी रस. एक म्हणाली, बाय, बायसेक्शुअल, म्हणजे अर्धं पुरुषांना अर्धं बायकांना असं वाटप नसतं, माणूस आवडतं आणि ते कुणीही असू शकतं. बोरिवलीची एक लग्न झालेली बाई म्हणाली, मी आजवर कुणाचा हातसुद्धा धरला नाही, नुसतं मनात येतं, तर मी कोण? "तुम्ही बाय-क्युरियस," दुसरी म्हणाली, "म्हणजे फॉर्म भरलाय, परीक्षा दिली नाही." सगळ्या हसल्या. रजनी गंभीरपणे म्हणाली, "आणि माझी परीक्षा होऊन गेली, निकाल कुणी लावलाच नाही, तर?"

तिची पाळी आली तेव्हा तिनं तक्ता हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि माझ्याकडे सरकवला. "चष्मा घरी राहिला. तू लिही ना."

"काय लिहू?"

"शाळेत असताना एक मुलगी होती, तिच्यात जीव अडकला होता माझा. मग दिलीप आला, त्याच्यातही अडकला, अजून आहे. आणि बाई आवडायची काही थांबली नाही. याला काय म्हणतात ते मला कुठं माहितीये... तूच सांग."

मी विचारसुद्धा केला नाही. नवरा आहे, संसार आहे, रविवारची गंमत बघायला आलीय, एवढं मनात म्हटलं आणि लिहून टाकलं: बाय-क्युरियस. तिनं कागद पुन्हा लांब धरून पाहिला.  परतताना मेट्रोत माझ्याशेजारी बसली आणि घाटकोपर येईपर्यंत मला ब्लाउजच्या गळ्यांबद्दल सांगत राहिली.

पुढच्याच आठवड्यात मी तिच्याकडे ब्लाउज टाकायला गेले. निमित्त कळत होतं, तिलाही आणि मलाही. तळमजल्याच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. मी पिशवीतून कापड काढलं आणि सगळ्या बायका देतात तसा मापाचा जुना ब्लाउज काढला. तिनं तो माझ्या अंगावर परत फेकला. "हा कधीचा? दोन वर्षांपूर्वीचा? मग दोन वर्षांपूर्वीच्या बाईला पाठव, तिला शिवून देते." रजनी मापाचा ब्लाउज कधीच घेत नसे. पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेलेल्या बाईलासुद्धा पुन्हा उभी करी, टेप लावी, वहीत जुने आकडे खोडरबरानं पुसून नवे लिही. सगळी वही पेन्सिलीची. आकड्यांखाली 'सूचना' म्हणून एक ओळ असे, त्यात ती बाई जे सांगेल ते तिच्याच शब्दांत. 'मागून गळा खोल, सासूला सांगू नये.' 'बाही लांब, हातावर डाग आहे.' आपल्या मनाचं एक अक्षर घालायची नाही. हे मी डोळ्यांनी पाहत होते आणि तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते आमचं दोघींचं आहे. दिलीप कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. संध्याकाळी आला की दुकानात बसलेल्या सगळ्यांना चहा करून आणायचा, "मॅडम, साखर कमीच ना?" असं लक्षात ठेवून विचारायचा. तो वाईट असता, पिणारा, मारणारा असता, तर माझं किती सोपं झालं असतं! पण तो भला माणूस होता आणि रजनी त्याच्याकडे बघून हसायची तेव्हा खोटं हसत नव्हती. नेमकं तेच मला सहन होत नव्हतं.

एका दुपारी मशीन थांबवून ती म्हणाली, "नीला, मी बाय आहे." साधं, आज एकादशी आहे म्हणावं तसं. मी हसले. म्हटलं, "ते काही मुक्कामाचं ठिकाण नसतं गं. तिथून बायका एक तर इकडे येतात, नाहीतर घरी जातात." तिनं दोरा तोडला, पुन्हा ओवला आणि शिवू लागली.

मग मी मागे लागले. ठरव. एकदाचं ठरव. प्राची मोठी झाली, नोकरीला लागली, आता काय अडचण आहे? शेवटी मेट्रोच्या जिन्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या धक्क्यांत, आमचं जे भांडण झालं ते शेवटचं ठरलं. ती म्हणत होती, "दोघांतलं एक खोटं आहे असं म्हटलं की तू खूश होशील. पण ते खोटं नाहीये ना! कुणाला खोटं ठरवू मी?" आणि मी म्हणाले, "तुझ्यासारख्या बायका चव बघायला येतात आणि हात धुऊन घरी जातात." तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती रडली नाही. "वाट लागली आपली," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

अडीच वर्षं मी फोन केला नाही. ती रविवारी यायची थांबली. मला वाटलं, बघ, गेली ना घरी! माझंच खरं झालं, याचं मला समाधानसुद्धा वाटलं. एवढी मी दीडशहाणी.

यंदा माझ्या भाचीचं लग्न ठरलं, भावानं इतक्या वर्षांनी बोलावलं, आणि त्या आनंदात मी थोडी सैल झाले. हिरवं कापड घेतलं आणि घाटकोपरला गेले. काय बोलायचं कळेना, म्हणून पिशवीतून मापाचा ब्लाउज काढला. तिनं चष्म्यावरून पाहिलं. केस पिकले होते. "तो ठेव आत," ती म्हणाली. "उभी राहा." टेप लावताना तिचे हात थंड होते. खांदा, मुंढा, छाती, बाही. "बारीक झालीस गं." मी म्हटलं, "रजनी, मला बोलायचंय." बाहेर दोन बायका थांबल्या होत्या. ती वहीत वाकून लिहीत म्हणाली, "ट्रायलला ये ना. तेव्हा बोलू, निवांत." तीन आठवड्यांनी प्राचीचा फोन आला.

कार्यक्रमानंतर चौथ्या दिवशी प्राचीनं मला तिच्या ऑफिसजवळच्या उडुप्याकडे बोलावलं. दुपारचे तीन, हॉटेल जवळजवळ रिकामं. समोर बसली ती हुबेहूब रजनीच, फक्त नजर कडक. माझी वाक्यं तयार होती. आम्ही मैत्रिणी होतो, तुझी आई चांगली बाई होती, गैरसमज करून घेऊ नकोस. तिनं पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि माझ्याकडे फिरवलं.

"मावशी, तुम्ही का हसलात?"

मला काही समजेना. चष्मा लावला. ते रजनीचं स्वतःचं पान होतं, ती स्वतःचे ब्लाउजही शिवायची. वरचे आकडे पेन्सिलीचे, इतक्यांदा पुसलेले की कागद झिजला होता. खाली सूचनेच्या ओळीत, जपून उतरवून घेतल्यासारखं, माझा शब्द: बाय-क्युरियस. त्यावर एक रेघ. आणि त्याखाली निळ्या बॉलपेननं, दाबून, ठळक: बाय. शेजारी तारीख. मी मनातल्या मनात हिशेब केला. आमच्या पहिल्या रविवारनंतरचा चौथा दिवस होता तो. माझ्याशी मैत्री होण्याआधी, मी 'ठरव ठरव' करत तिच्या मागे लागण्याच्या कितीतरी आधी. अख्ख्या वहीत पेननं लिहिलेला तेवढा एकच शब्द. त्याच्याखाली पुन्हा पेन्सिल: 'नीलाला सांगितलं. हसली.'

वेटर पाणी ठेवून गेला. प्राची वाट बघत होती. मी जी वाक्यं घोकून आणली होती त्यातलं एकही कामाचं नव्हतं. म्हटलं, "कारण मी मूर्ख होते. मला एकीनं फसवलं होतं आणि मी तुझ्या आईला त्या दुसरीच्या मापाच्या ब्लाउजवर कापलं." मग तिला सगळं सांगितलं. तक्ता, चष्मा, जिना, माझं ते घाणेरडं वाक्य. ती बोटानं टेबलावरचं पाणी पुसत राहिली. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "आणि बाबा? आईनं बाबांबरोबर... ते सगळं नाटक होतं का?"

मला एक गोष्ट कबूल करू द्या. 'हो' म्हणावं असं क्षणभर माझ्या मनात आलं. म्हणजे ती सगळी माझी झाली असती, निदान मेल्यावर. तिच्या पोरीनं माझ्यावर विश्वास ठेवला असता, कारण उत्तर देऊ शकणारी एकटी मीच उरले होते.

"नाही गं," मी म्हटलं. "तुझ्या बाबांवर तिचा जीव होता. माझ्यावरही होता. दोन्ही खरं होतं."

अडीच वर्षांपूर्वी मेट्रोच्या जिन्यावर रजनीला माझ्याकडून एवढंच ऐकायचं होतं. ते मी तिच्या मुलीला सांगितलं, आणि दोघी उडुप्याच्या हॉटेलात रडलो. निघताना प्राची म्हणाली, बाबांना ती सांगेल, तिच्या वेळेनं. मी लिहिलं तर चालेल, पण 'बाय' हा शब्द गाळायचा नाही. म्हणून गाळला नाही.

हिरवा ब्लाउज तिनं तशाच अवस्थेत दिला. कापलेला, न शिवलेला, तुकडे टाचणीनं एकत्र लावलेले, कडेला खडूच्या खुणा आणि टाचणीत एक चिठ्ठी: नीला, ताजं माप, ट्रायलला बोलावणे. भाचीच्या लग्नात मी जुना ब्लाउज घातला. हा कुणाकडे शिवायला टाकायचा नाही.

अंधेरीच्या खोलीत परवा पहिला रविवार झाला. तक्ता अजून माझ्याकडेच असतो. कांदिवलीहून एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, घाबरलेल्या. कागद लांब धरून म्हणाल्या, "चष्मा नाही आणला, तुम्हीच भरता का?" मी माझा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला आणि पेन दिलं. त्या बराच वेळ लिहीत होत्या. चष्म्याशिवाय मला कागदावरचं एक अक्षर दिसत नव्हतं.